दुपारी बाराचा ढग

“काल दुपारी तुमच्या पानावर एक ढग होता, पालथ्या होडीसारखा. आज तो दिसत नाही. कुठे गेला?”

एका अनोळखी माणसाच्या इंटरनेटवरच्या गेस्टबुकात, पाहुण्यांच्या वहीत, हे शब्द टाकून तिने बटण दाबले, तेव्हा तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. आपली भाषा रोमन अक्षरांत लिहावी लागण्याचा जाच वेगळाच. पण राग काही लिपी पाहत नाही.

अर्ध्या तासाने उत्तर आले.

“ढगच तो. गेला.”

त्या तीन शब्दांकडे ती बघत राहिली. उर्मट म्हणावेत तर उर्मट नव्हते, समजावणीचे म्हणावेत तर तेही नव्हते. आणि मग, आपण रागावलो आहोत हे नीट आठवत असतानाच, तिला हसू फुटले…

ती एका छापखान्यात मुद्रितशोधक होती. शब्दकोश, पाठ्यपुस्तके आणि औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवतात ती मुंगीएवढ्या अक्षरांची पत्रके – जे जे छापले जाई ते आधी तिच्या डोळ्यांखालून जाई. कागदावर तिची मान अशी झुकलेली असे, की जुळारीकाकांनी पहिल्याच आठवड्यात तिचे नाव ‘वेलांटी’ ठेवून दिले. काकांनी आयुष्यभर शिशाचे खिळे जुळवले होते आणि उतारवयात, नाक मुरडत का होईना, ते संगणकावर बसायला शिकले होते. तो संगणक, त्याला जोडलेला शिट्ट्या मारणारा मोडेम आणि जेवणाची सुट्टी, एवढ्या भांडवलावर तिने स्वतःचे एक घर बांधले होते.

त्या वर्षी एक मोफत सेवा निघाली होती. मागेल त्याला पाच मेगाबाइट जागा. ना ओळखपाळख, ना शिफारस. जागांच्या आळ्या पाडलेल्या, घरांना क्रमांक दिलेले. हवामानाची आवड असणारे आकाश-आळीत, प्राणी पाळणारे पाणवठ्यापाशी, आणि कवितेने पछाडलेले एका लांबच लांब, बहुतेक ओसाड अशा कविता-आळीत. वर दंतमंजनाच्या जाहिरातीची पट्टी लुकलुके, खाली पाहुणे मोजणारा आकडा असे, आणि मधे, बहुतेक घरांत, पिवळ्या शिरस्त्राणाचा एक इवलासा मजूर अखंड खणत असे: ‘बांधकाम चालू आहे’. आज त्या घरांच्या भडक भिंती आठवून कुणी हसेल. पण तिथे एका दंतवैद्याने पाहिलेला प्रत्येक पूल लावून ठेवला होता. एका निवृत्त खलाशाने दोरीच्या दोनशे बारा गाठी चितारल्या होत्या. कुणी आपल्या मुक्या मांजरीचे चरित्र लिहिले होते. कुणालाही काही विकायचे नव्हते. ज्याला जे आवडे ते त्याने दारात मांडले होते, आणि दार सताड उघडे होते. असा निरागस शेजार तिने आधी कधी पाहिला नव्हता.

कविता-आळी, घर क्रमांक ४१७२. पाहुणे: दोनशे बारापेक्षा एक कमी, म्हणजे खलाशाच्या गाठींशीसुद्धा तिची बरोबरी नव्हती.

ढगाचे झाले ते असे. आकाश-आळीत भटकताना तिला एका घरात तो फोटो दिसला आणि त्यावर चार ओळी सुचल्या. फोटो उतरवून घेऊन आपल्या जागेत ठेवायचा असतो, हे तिला ठाऊक नव्हते. तिने आपल्या पानात नुसता त्या फोटोचा पत्ता लिहिला. त्यामुळे तिचे पान उघडले की फोटो दर वेळी त्या माणसाच्या घरातून निघे आणि तिच्या भिंतीवर येऊन टेके. आणि तो माणूस तर रोज दुपारी बाराला नवा फोटो काढून जुन्याच नावाने ठेवी! दुसऱ्या दिवशी तिच्या ‘पालथी होडी’ या शीर्षकावर कोरे, निळेशार, निर्लज्ज आकाश पसरले होते. चित्र एक आणि मजकूर भलताच – मुद्रितशोधकाला याहून मोठी नामुष्की नाही.

“म्हणजे मी तुमचा फोटो चोरला, असं म्हणायचंय तुम्हांला?” सगळे समजल्यावर तिने लिहिले.

“छे. तुम्ही माझ्या खिडकीतून पाहिलंत. त्यात चोरी कसली? – पण होडी खरंच होती. मला दिसली नव्हती.”

ते शेवटचे वाक्य तिने दोनदा वाचले. मग तिसऱ्यांदा.

फोटो उतरवून घ्यायला आता तिला येत होते. पण तिने तो उतरवला नाही. पत्ता तसाच ठेवला आणि ओळीच रोज बदलायच्या असे ठरवले. बाराला तिकडे आकाश बदले. साडेबाराला ती डबा बाजूला सारून त्याखाली नवे शब्द ठेवी. तो एका वेधशाळेत निरीक्षक होता. खासगी पानावर कचेरीचे नाव लिहायला बंदी, म्हणून गावाचा पत्ता कुठे नव्हता. फक्त ‘समुद्रसपाटीपासून ऐंशी मीटर’. फोटोखाली तो एकच आकडा लिही. आकाशाचे आठ भाग कल्पायचे आणि ढगांनी त्यांतले किती व्यापले ते सांगायचे, अशी त्यांच्या कामाची रीत.

“आज तीन अष्टमांश,” तो लिही.

“आणि उरलेले पाच?”

“ते सरकारी नोंदीत येत नाहीत.”

“मग ते मी घेते.”

“घ्या. सहीची गरज नाही.”

कधी तो तिच्या गेस्टबुकात येई, कधी ती त्याच्या. “काल पाऊस येणार हे मीच अहवालात लिहिलं, आणि छत्री विसरून मीच भिजलो,” असे त्याने कळवले, तेव्हा ती लिहून गेली, “मीही भिजले काल!” मग तिला वाटले, पाऊस काय, कुठेही पडतो.

“काय गं वेलांटे,” जुळारीकाका चष्मा कपाळावर चढवून विचारत, “कुणाचं स्थळ बघतेयस एवढं डोळे फाडून?”

“आकाश बघतेय, काका.”

“आकाश बघायला माणसं मान वर करतात. तुझी तर खाली.”

तिच्या खोलीला खिडकी होती, पण ती समोरच्या भिंतीकडे उघडे. तेव्हा आकाश म्हणजे तो फोटो, आणि दिवस म्हणजे त्या फोटोखालचा आकडा. त्याचा चेहरा तिने पाहिला नव्हता, आवाज ऐकला नव्हता. पण ज्या निगुतीने तो रोज त्याच वेळी आकाशासमोर उभा राहतो, आणि जे उद्या पुसायचे आहे तेही नेमके टिपतो, त्या निगुतीवर तिचा जीव जडला होता. हे तिने स्वतःलासुद्धा मोठ्याने सांगितले नव्हते…

सहाव्या आठवड्यात आक्रीत घडले. त्या मोफत सेवेच्या मुख्य दारावर तिच्या पानाची पाटी लागली: ‘आठवड्याचे घर’. सोमवारी सकाळी आकडा सातशेवर होता. मंगळवारी नऊ हजार. कुठल्या कुठल्या गावांची माणसे तिच्या ओळी वाचून गेस्टबुकात नावे ठेवून गेली – चांगल्या अर्थाने! काकांनी तर आकड्यासमोर खुर्चीच मांडली. “अगं, आपल्या शब्दकोशाच्या एवढ्या प्रती वीस वर्षांत गेल्या नाहीत!”

बुधवारी बारा वाजून गेले, तरी तिच्या पानावर ढग आला नाही. त्याच्या जागी एक रिकामा चौकोन होता, कोपऱ्यात तांबडी फुली. तिने त्याचे घर उघडायला घेतले, तर दारावर पाटी: ‘या घराची आजची मर्यादा संपली. उद्या या.’

मोफत जागेची ही एक अट होती. एका घरातून दिवसाकाठी ठरावीक एवढेच सामान बाहेर जाऊ शके. ते संपले की दार बंद. तिच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा, नकळत, त्याच्या घरातून एकेक आकाश उचलून नेत होता. आणि गेस्टबुक होते दाराच्या आत. विचारायचे तरी कुठे?

मोजणी नव्याने सुरू होई सकाळी सहाला. शुक्रवारी ती साडेसहालाच घराबाहेर पडली. “छापखान्याला काय आग लागलीय?” आईने दारातून विचारले. तिने चप्पल पायांत सरकवता सरकवता “मजकूर तातडीचा आहे” एवढेच सांगितले, आणि ते अगदीच खोटे नव्हते.

सात वाजता त्याचे दार उघडे होते. गेस्टबुकात अगदी वर बाईमाणसाच्या हातचे लिहिणे होते.

“अरे, दोन दिवस झाले. बाराच्या ठोक्याला बाबा खुर्ची ओढून संगणकासमोर बसतात, पाटी वाचतात आणि उठून जातात. वाचा गेल्यापासून तेवढाच त्यांचा खेळ होता रे. ते फोटो बघून बोटं वर करायचे, मी तुझा आकडा वाचायची, जुळला की हसायचे. बत्तीस वर्षं वेधशाळेत काढली, एकदाही चुकले नाहीत. तू त्या फाइलचं नाव बदल ना. एका मिनिटाचं काम.”

खाली त्याचे उत्तर होते.

“ताई, नाव बदललं तर एका पानावर कायमचा रिकामा चौकोन राहील. तिथे माझं आकाश माझ्याहून चांगलं वाचलं जातं. पाहुणे ओसरतील आठ-पंधरा दिवसांत. तोवर मी बाबांना फोनवर आकडा सांगतो.”

आणि त्याखाली बहिणीचे: “आकडा नकोय त्यांना. मोजायला आकाश हवंय.”

तिने खुर्ची मागे सरकवली. आपण नऊ हजार माणसांना दुसऱ्याच्या विहिरीचे पाणी पाजत होतो, आणि विहिरीच्या मालकाच्या घरातला म्हातारा तहानलेला होता. त्याने हे तिला एका शब्दाने कळू दिले नव्हते. प्रेम असे गप्प राहूनही करता येते, हे तिला त्या सकाळी समजले; आणि असे गप्प राहिलेले प्रेम वाचता येत असूनही न वाचल्यासारखे करणे तिच्या धंद्यात बसत नव्हते.

काका आले तोवर ती त्या एका ओळीवर बोट ठेवून बसली होती – फोटोचा पत्ता लिहिलेल्या ओळीवर.

“फोटो तू आपल्याकडे ठेव की,” सगळे ऐकून काका म्हणाले.

“ठेवला तर माझंही घर दहा वाजता मिटेल. शब्द हलके असतात, काका. आकाश जड असतं.”

“आणि फोटो काढलास तर? लोक येतील नुसतं वाचायला?”

“नाही येणार.”

“आणि तो?”

तिच्याकडे त्याच्यापर्यंत जाणारा रस्ता तेवढाच होता: तो फोटो, ती ओळ. त्याचे गाव माहीत नव्हते, नाव माहीत नव्हते. धागा तोडायचा तो आपल्याच हाताने… तिने ओळ खोडली. मग त्याच्या गेस्टबुकात लिहिले, “तुमची बाराची खिडकी मी अडवून बसले होते. कळलं नाही, क्षमा करा. बाबांना सांगा, आजपासून समोर कुणी नाही.”

दुपारी बारा वाजता तिच्यापुढे कोरे पान होते. फोटो नाही, तर लिहायचे कशावर? मग काकांचे बोलणे आठवले म्हणा की पायच आपसूक वळले म्हणा, ती छापखान्याचा लोखंडी जिना चढून गच्चीवर गेली. चार वर्षांत पहिल्यांदाच. कठड्याला रेलून तिने मान वर केली आणि जे दिसले ते खाली येऊन जसेच्या तसे लिहिले: ‘छापखान्याच्या गच्चीवरून, दुपारी बारा. आठ पायांच्या पाण्याच्या टाकीच्या उजव्या हाताला एक तीन मजली ढग. माथा लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट. तळातून राखाडी दशा सुटलेल्या. मोजायला मला येत नाही. पण अर्ध्याहून जास्त.’

शनिवारी आकडा जेमतेम हलला. रविवारी छापखाना बंद होता. सोमवारी मुख्य दारावर दुसऱ्याच घराची पाटी लागली, आणि त्याचे उत्तर काही आले नव्हते. तो रागावला असेल. किंवा सुटकेचा निःश्वास टाकला असेल. यांतले वाईट कोणते, हे तिला ठरवता येईना.

पावणेबाराला ती गच्चीवर गेली, तर कठड्यापाशी कुणीतरी उभे होते.

उंच, किंचित पोक काढून उभा राहिलेला माणूस. डोळ्यांच्या कोपऱ्यांत बारीक चुण्या – सतत उजेडाकडे पाहणाऱ्यांना पडतात तशा. गळ्यात विटेएवढा कॅमेरा. ज्याच्या पोटात फ्लॉपी घालतात तसला.

“खाली एका काकांनी वर सोडलं,” तो म्हणाला. “नाव सांगितलं नाही मी. त्यांनी विचारलंही नाही. नुसते म्हणाले, ‘जा, जिना गंजलाय, सांभाळून.’”

“तुम्ही –?”

“पाच अष्टमांश होते,” तो म्हणाला. “शुक्रवारी. अर्ध्याहून जास्त, बरोबर लिहिलंत.”

तिने कठडा घट्ट धरला. “पण तुम्हांला कसं कळलं, की…”

“तुमचा ढग वाचला आणि मी खुर्चीतून उठलो. कारण तो माझ्या खिडकीत होता. तीच ऐरण, त्याच दशा. टाकीसुद्धा तीच. फक्त माझ्याकडून तो टाकीच्या डावीकडे होता, तुमच्याकडून उजवीकडे.” त्याने हाताने हवेत एक सरळ रेघ ओढली. “म्हणजे टाकी आपल्या दोघांच्या मधे. मी वेधशाळेतून रेघ आखली, टाकीपलीकडे नेली. त्या बाजूला छापखाना एकच आहे.”

“दीड महिना… एकाच गावात?”

“पायी पंचवीस मिनिटं. सिग्नल लागला तर अठ्ठावीस.”

तिला हसावे की रडावे कळेना. “मग शुक्रवारीच का नाही लिहिलंत? मी तीन दिवस –”

“गेस्टबुकात? बहीण वाचते ते.” तो इतक्या गंभीरपणे म्हणाला, की तिला हसावेच लागले. “आणि रजा आज होती. लिहिण्यापेक्षा… मला वाटलं, यावं.”

वारा सुटला होता. तिच्या ओढणीचे टोक कठड्याबाहेर फडफडले, आणि त्याने ते पकडावे की नाही अशा विचारात हात अर्धा उचलून पुन्हा खाली घेतला. तिने ते पाहिले. तिने पाहिले हे त्यानेही पाहिले.

“फाइलचं नाव बदलायला एकच मिनिट लागतं,” ती हळूच म्हणाली. “ताईंनी लिहिलं होतं.”

“हो.”

“मग का नाही बदललंत?”

तो कॅमेऱ्याच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. “मी रोज आकाश मोजतो. किती आहे ते मला नेहमी सांगता येतं. पण तुमच्या ओळी यायला लागल्या आणि… काय आहे ते कळायला लागलं. साडेबारा वाजेपर्यंत मी जेवत नव्हतो. हे मोजून पाहिलं. बसत नाही कुठल्या आकड्यात.” त्याने मान वर केली. “मला तुम्ही आवडता. आज समोर पाहिलं म्हणून नाही. आधीपासून.”

तिच्या ओठांवर काहीतरी आले होते. दुसऱ्यांची हजारो वाक्ये सरळ करणाऱ्या त्या मुलीला स्वतःचे एक वाक्य मात्र सुरू करता येईना. “मी –” ती म्हणाली, आणि तिची नजर त्याच्या मनगटावरच्या घड्याळाकडे गेली.

“अहो! बारा वाजून चार मिनिटं! बाबा!”

त्याने जन्मात इतक्या घाईने फोटो काढला नसेल. खट्ट आवाज झाला, आणि दोघे गंजलेल्या जिन्यावरून धडाधड खाली. वाटेत तिने त्याचा हात धरला की त्याने तिचा, हे पुढे दोघांनाही सांगता आले नाही. खाली जुळारीकाका फोनवर होते, आणि फोनची तार मोकळी झाल्याशिवाय मोडेम चालायचा नाही.

“काका, ठेवा! पटकन!”

काकांनी फोनवर हात दाबला. “व्याही आहेत गं! असा कसा ठेवू?”

“एक म्हातारे गृहस्थ वाट बघताहेत, काका!”

काकांनी तिच्याकडे पाहिले, मग तिच्या मुठीतल्या हाताकडे. “व्याहीबुवा,” ते फोनमध्ये म्हणाले, “छापखान्याला आग लागलीय. विझवून कळवतो.” आणि फोन ठेवून दिला.

मोडेमने शिट्टी घातली. फ्लॉपी कुरकुरली. त्याने जुन्याच नावाने फोटो चढवला, आकडा लिहिला, ‘चार अष्टमांश’, आणि तिघे पडद्यासमोर ओणवून उभे राहिले. चित्र नेहमीसारखे वरून, पट्टी-पट्टीने उलगडू लागले. आधी निळे. मग ढगाचा पांढरा खांदा. मग त्याची सावली… आणि अगदी शेवटच्या पट्टीत कठड्याचा कोपरा, आणि त्यावर तिचा हात.

“अरे,” तो ओशाळला. “घाईत लक्षात नाही आलं. खालची पट्टी कापून पुन्हा चढवतो. दोन मिनिटं.”

त्याने माऊसकडे हात नेला. ती वाकली, आणि तर्जनी पडद्याच्या काचेवर, त्या हाताच्या बरोबर खाली टेकवून तिने ठिपका दिला. त्याशेजारी दुसरा. मग तिसरा, चौथा. शांतपणे, ओळीत.

तो गोंधळून कधी तिच्याकडे, कधी ठिपक्यांच्या त्या न दिसणाऱ्या ओळीकडे बघू लागला. “म्हणजे काय?”

तिचे कान लाल झाले होते. पण मान ताठ होती. काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, आणि चाळीस वर्षांच्या सवयीने ती खूण वाचली.

“आमच्याकडे खोडलेल्या शब्दाखाली देतात ते ठिपके,” ते म्हणाले. “काढू नका, राहू द्या, असं म्हणतेय ती.”